पोलोचे घोडे टिपताना

मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर पोलोची छायाचित्रे घ्यावयास गेलो असता, घोड्यांची आयाळ भादरलेली आणि शेपटी वेणी घालून आवळलेली पाहून मी पृच्छा केली, तेव्हा एका वृद्ध मोतद्दाराने ममतेने सांगितले की, मोकळे केस लगामात वा काठीत गुंतू नयेत म्हणून ही दक्षता.

ज्याला मी नुसता ‘तपकिरी’ म्हणत होतो, तो तांबूस अंगाचा, काळ्या शेपटीचा घोडा म्हणजे कुमैत. किती देखणा शब्द!

सुमारे ७ मिनिटांच्या डावास इंग्रजीत ‘चकर’ म्हणतात, तो आपल्याकडचाच ‘चक्कर’. डाव संपताच घोडे बदलतात.

भरधाव घोडा स्थिर टिपण्यास १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर ठेवावे, आणि चारही पाय पोटाखाली गोळा होऊन अधांतरी असतात तो क्षण साधावा.