झिजणे हेच लायनरचे काम

काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तरी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या खासगी पद्मिनी हौशी मालकांनी जपल्या आहेत. अशा गाडीसाठी ब्रेकचा लायनर घेताना पहिला प्रश्न असतो, ‘किती किलोमीटर टिकेल?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे सहाण आणि लायनर म्हणजे चंदनाचे खोड. झिजायचे ते खोडाने. शिवाय ही झीज अंतरापेक्षा उष्णतेवर ठरते. माणसांसह एक टन भरणारी गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकला सुमारे 139 किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. वेग 80 असेल तर 247. भिवंडीत कंटेनरच्या रांगेत ताशी 20 च्या वेगाने सरकताना मात्र एका थांब्याला जेमतेम 15. म्हणजे गर्दीत पाय सतत पेडलवर असला तरी ड्रम फारसा तापत नाही. खरी कसोटी पुढे नाशिक रस्त्यावर, आणि तीही परतीच्या वाटेवर लागते. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना गाडी सुमारे 300 मीटर खाली येते. हा सगळा उतार ब्रेकवर उतरलात, तर 60 च्या वेगातून एकवीस वेळा थांबण्याइतकी उष्णता त्या चार ड्रममध्ये साठत जाते. ड्रम तापून फुगतो आणि लायनर बसवलेल्या शूपासून दूर सरकतो, लायनरमधल्या राळेचा वायू होऊन पकड सुटते, पेडल खोल जाते. म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी आवरू देणे हाच लायनर वाचवण्याचा सर्वात स्वस्त उपाय.

मग कडक, दीर्घायुषी लायनर का बसवू नये? असे मिश्रण बहुतेकदा चांगले तापल्यावरच नीट पकडते. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीचा पहिला ब्रेक थंड ड्रमवर लागतो, आणि नेमका तिथेच तो कमी पडतो. वर त्याने ड्रमवर चरे पाडले की ड्रम लेथवर टर्न करावा लागतो, तो पातळ होतो, आणि जुन्या गाडीचा चांगला ड्रम मिळवणे लायनर मिळवण्याहून कितीतरी अवघड.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत, हा आक्षेप वजनदार आहे. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते, आणि रोज हायवेवर पळणाऱ्या गाडीला तो बदल शोभतोही. पण ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जाऊन जोर वाढवतो. डिस्कच्या पॅडला ही मदत नसते. त्यामुळे डिस्कबरोबर मास्टर सिलिंडर आणि बूस्टरचाही हिशोब नव्याने मांडावा लागतो, नाहीतर पेडल दगडासारखे लागते. जुने अस्सल मिश्रणच हवे, हा हट्ट मात्र सोडावा: त्यात ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जाते.

उभ्या गाडीचे तर वेगळेच. पावसाळाभर हँडब्रेक ओढून ठेवला की लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतो, व्हील सिलिंडर पाझरून लायनर तेलकट होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते: डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 205 अंश, ओल धरल्यावर 140 पर्यंत उतरू शकतो. तेव्हा पावसाळा सरला की किलोमीटर न मोजता ड्रम उघडावा, रिव्हेटच्या डोक्यावर लायनर किती उरला ते पाहावे आणि ऑइल बदलावे.