भाडेकरू आणि परवानाधारक

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीची कल्पना करावी. एका खोलीत आजोबांच्या नावाची भाडेपावती जपणारे कुटुंब दरमहा चाळीस रुपये भरते. समोरच्या खोलीत एक तरुण शिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर राहतो आणि त्याचे निम्मे वेतन त्यातच जाते. दोघांचा जिना एक, नळ एक. कायदा मात्र एक नाही. पहिला भाडेकरू आहे, दुसरा केवळ परवानाधारक.

१९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा वस्तुतः तात्पुरता होता. युद्धकाळात शहरात माणसांचा लोंढा आला, घरे अपुरी पडली. अशा वेळी सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून ते गोठविणे न्याय्यच होते. परंतु मुदतवाढ मिळत मिळत हा तात्पुरता कायदा अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या कितीतरी पट झाला, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. अखेर १९६९ मध्ये उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र मंडळ निर्माण करावे लागले. भाड्यात जे मिळेना ते पागडीत वसूल होऊ लागले. पागडी घेणे हा गुन्हा होता. तिचा दर मात्र नाक्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक असे!

गोठलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात बजावले. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यता दिली. चाळीस रुपयांचे चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. या गतीने दोन दशकांनंतरही शंभरी गाठली जात नाही.

या साऱ्यात त्या शिक्षकाचे काय? १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. त्या दिवशी जो घरात होता तो तरला. मालकांनी मात्र याचा असा धसका घेतला की, घर देण्यापेक्षा कुलूप लावलेले बरे, असे अनेकांना वाटू लागले. आजच्या परवानाधारकाने मुदत संपताच जागा सोडली पाहिजे, अन्यथा दुप्पट शुल्क भरावे लागते. गरज कोणाची मोठी, हा प्रश्न कायदा विचारीत नाही; तो प्रवेशाची तारीख विचारतो. अनामत रकमेचा जाच तर वेगळाच. केंद्राने २०२१ मध्ये संमत केलेल्या नमुना कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, परंतु तो राज्यांवर बंधनकारक नाही.

तथापि एक हत्यार परवानाधारकाच्याही हाती आहे, आणि ते फारसे कोणी वापरीत नाही. अकरा महिन्यांची प्रथा मुळात वर्षाहून अधिक मुदतीच्या कराराची सक्तीची नोंदणी टाळण्यासाठी पडली. महाराष्ट्रात २००० पासून मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची असून कसुरीस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा खर्च मात्र पुष्कळदा परवानाधारकाच्याच माथी येतो, आणि पुढच्या अकरा महिन्यांचा करार व्हायचा असल्याने तो मुकाट्याने देतो.