खेळयंत्र घ्यावे की लहान लॅपटॉप?



दहावी-बारावीचे निकाल लागले, की अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला काहीतरी घेऊन देण्याचे वडीलधाऱ्यांनी कबूल केलेले असते. पैसे एकाच वस्तूपुरते असतात. आणि मागणी मात्र दोन वस्तूंभोवती घोटाळत राहते. एक म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळावयाचे गेम कन्सोल, ज्याला आपण खेळयंत्र म्हणू. आणि दुसरी म्हणजे बेताच्या किमतीचा लहान लॅपटॉप. आजोबांच्या दृष्टीला दोन्ही वस्तू सारख्याच. दोहोंना पडदा आहे, दोहोंना बॅटरी आहे आणि दोहोंची किंमतही पुष्कळदा एकमेकींच्या जवळपास येते. मग निवड करावयाची ती कशाच्या आधारे?

खेळ वाईट आणि अभ्यास चांगला, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कोणते यंत्र कशासाठी घडविले गेले आहे, आणि ज्या कामासाठी आपण ते घेतो त्या कामाला ते किती वर्षे पुरेल, हे पाहिले पाहिजे. आज तेवढाच विचार आपण करू.

प्रथम खेळयंत्राकडे वळू. निन्टेंडो ही जपानी कंपनी १८८९ साली क्योतो शहरात निघाली ती पत्ते तयार करण्यासाठी. याच कंपनीतील गुनपेई योकोई या अभियंत्याने १९८० साली ‘गेम अँड वॉच’ नावाचा खिशात मावणारा खेळ तयार केला. त्याचा पडदा कॅल्क्युलेटरच्या पडद्याच्याच जातीचा होता. सर्वांच्या परिचयाची झालेली, स्वस्त झालेली तंत्रविद्या घ्यावी आणि तिचा कोणाला न सुचलेला उपयोग करावा, हे योकोई यांचे सूत्र होते. १९८९ साली आलेला ‘गेम बॉय’ याच सूत्रावर उभा होता. त्याचा पडदा एकरंगी होता आणि तो चार पेन्सिल सेलवर चाले. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने ‘गेम गिअर’ हे रंगीत पडद्याचे यंत्र काढले. दिसावयास ते कितीतरी सरस होते, परंतु सहा सेल लागत आणि तेही काही तासांतच संपत. गिऱ्हाइकांनी कौल दिला तो एकरंगी गेम बॉयला. त्याची आणि त्याच्या रंगीत आवृत्तीची मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली. प्रवासात, गच्चीवर, आजारपणात अंथरुणावर खेळता यावे, ही गरज त्या यंत्राने पुरी केली होती.

हीच परंपरा २०१७ साली बाजारात आलेल्या ‘स्विच’ या यंत्राने पुढे नेली. त्याचा पडदा ६.२ इंचांचा, रॅम ४ जीबी आणि माहिती साठविण्याची जागा ३२ जीबी. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण त्यांची गरज पुढे लागणार आहे. त्या यंत्राची १५ कोटींहून अधिक विक्री झाली. २०२५ च्या जूनमध्ये त्याची दुसरी पिढी आली. तीत रॅम १२ जीबी आणि साठवण २५६ जीबी आहे.

आता लहान लॅपटॉपचा इतिहास पाहू. २००७ साली तैवानच्या एसुस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा, एक किलोहूनही कमी वजनाचा, ७ इंची पडद्याचा संगणक काढला. त्यात लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली होती. पाहता पाहता इतर कंपन्यांनीही तसे संगणक काढले आणि त्या सर्वांना नेटबुक हे नाव पडले. काही वर्षे त्यांची चलती राहिली. परंतु कळा बोटांना अपुऱ्या पडत, पडद्यावर पान पुरते दिसत नसे, आणि प्रोसेसर इतका अशक्त असे, की मोठ्या संगणकाची कामे त्याच्यावर लादली म्हणजे यंत्र रखडत चाले. २०१० साली आयपॅड आला. केवळ पाहणे-वाचणे ज्यांना हवे होते ते तिकडे वळले आणि २०१३ च्या सुमारास नेटबुकचे युग संपले. नाव गेले तरी तो प्रकार मात्र गेला नाही. आज दुकानात सर्वांत कमी किमतीचा म्हणून जो लॅपटॉप दाखविला जातो, त्यात नेटबुकचे पुष्कळ दोष शिल्लक असतात.

येथे ते आकडे पुन्हा पाहावेत. पहिल्या स्विचमध्ये ४ जीबी रॅम होती आणि अगदी स्वस्त लॅपटॉपमध्येही पुष्कळदा तेवढीच असते. असे असता एक यंत्र डोंगरदऱ्यांची अफाट दृश्ये सहज पळविते आणि दुसरे साधे चार कागद उघडले तरी अडखळते, हे कसे?

याचे उत्तर यंत्राच्या घडणीत आहे. खेळयंत्र एका ठराविक साच्याचे असते. खेळ रचणाऱ्याला प्रोसेसर कोणता, रॅम किती, पडदा केवढा, हे सर्व आधीपासून ठाऊक असते. त्या मापाने तो आपला खेळ बेततो आणि खेळ चालू असता यंत्राची बहुतेक सारी शक्ती त्याच्याच हाती असते. शिंप्याने अंगाचे माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखे हे आहे. लॅपटॉपचे तसे नाही. त्याची कार्यप्रणाली शेकडो प्रकारच्या संगणकांवर चालावी म्हणून रचलेली असते. तिच्या सोबतीला विषाणुरक्षक, ब्राउझर, आपोआप येणाऱ्या सुधारणा, छपाईची व्यवस्था असे पाच-दहा कारभार एकाच वेळी चालू असतात. शिवाय स्वस्त लॅपटॉपमध्ये चित्रांकनासाठी वेगळी मेमरी नसते. तीही त्याच चार जीबीतून काढून द्यावी लागते. तेव्हा एका कामासाठी पुरेसे असणारे भांडवल दहा कामांना अपुरे पडते, यात आश्चर्य नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. अभ्यासाच्या नावाने स्वस्त लॅपटॉप घ्यावयाचा आणि मनात मात्र खेळाचा हेतू ठेवावयाचा, हा व्यवहार दोन्हीकडून फसतो. नवे, मोठे खेळ त्या लॅपटॉपवर धड चालत नाहीत. आणि खेळासाठी केलेल्या खटाटोपात अभ्यासाचे यंत्रही बिघडते. खेळच हवा असेल तर तसे स्पष्ट बोलावे आणि खेळयंत्र घ्यावे. ते आपले काम चोख करते. दोन भावंडांना एकत्र खेळता येते. मुलाने दिवसाकाठी किती वेळ खेळावे याची मर्यादा पालकांना घालता येते, अशी सोय निन्टेंडोच्या यंत्रात आहे.

परंतु खेळयंत्राच्या किमतीचा हिशेब दुकानातच संपत नाही. अमेरिकेत २०१७ साली स्विचची किंमत ३०० डॉलर होती आणि त्याच्या मोठ्या खेळांपैकी एकेकाची ६० डॉलर. म्हणजे पाच खेळ घेतले, की यंत्राइतकी रक्कम पुन्हा खर्च झाली. शिवाय त्या यंत्रावर काय चालावे आणि काय चालू नये, हे कंपनी ठरविते. २०२१ साली निन्टेंडोनेच ‘गेम बिल्डर गॅराज’ काढून मुलांना स्वतःचे लहान खेळ रचण्याची वाट दाखविली, हे खरे. परंतु त्या यंत्रावर महाविद्यालयाचा प्रकल्प लिहावा, जमाखर्चाचा तक्ता मांडावा किंवा नोकरीचा अर्ज तयार करावा, अशी अपेक्षा करता येत नाही. त्यासाठी ते घडविलेलेच नाही.

‘मग दोन्ही कामे करणारे यंत्र नाही काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. आहे. २०२२ साली अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम डेक’ काढले. ते हातात धरून खेळावयाचे असले तरी अंतर्यामी संगणकच आहे. त्यात १६ जीबी रॅम आहे, लिनक्सवर ते चालते आणि कळफलक व पडदा जोडला तर त्यावर लेखनही करता येते. परंतु ‘जोडला तर’ या दोन शब्दांतच त्याची अडचण आहे. कळफलक वेगळा, माऊस वेगळा, मोठा पडदा वेगळा आणि हे सारे मांडावयास टेबल वेगळे. वसतिगृहाच्या खोलीत किंवा महाविद्यालयाच्या वाचनालयात हा संसार कोण नेणार? सात इंची पडद्यावर चाळीस पानांचा प्रबंध लिहिणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. अशी यंत्रे आपल्याकडे पुष्कळदा परदेशातून आणविलेली असतात. तेव्हा दुरुस्ती कोठे होईल आणि वॉरंटी कोण पाळील, हे आधीच विचारून घ्यावे.

आता निवडीची कसोटी सांगतो. घरात कळफलकाचा, चालू स्थितीतला एकही संगणक नसेल, तर पहिला पैसा लॅपटॉपवरच घालावा. मोबाईलवर वाचता येते, पाहता येते, खेळताही येते. परंतु दीर्घ लेखन, हिशेब, प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव या गोष्टी त्यावर नीट साधत नाहीत. खेळाची हौस मोबाईलवर थोडीबहुत भागते, लॅपटॉपचे काम मात्र भागत नाही. उलट घरात चांगला संगणक आधीच असेल, तर दुसरा निकृष्ट लॅपटॉप आणून कोनाड्यात ठेवण्यापेक्षा मुलाला सरळ खेळयंत्र द्यावे. त्यात अपराध वाटण्यासारखे काही नाही.

लॅपटॉप घ्यावयाचा ठरल्यास चार गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली गोष्ट रॅमची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते असे तिच्या निर्मात्यांनीच सांगितले आहे. परंतु किमान म्हणजे केवळ सुरू होण्यापुरते. सुखाने काम करावयाचे तर ८ जीबी हवी, आणि पुढे ती वाढविता येईल काय हेही विचारावे. दुसरी साठवणीची. ‘ईएमएमसी’ प्रकारची साठवण धीमी असते आणि बोर्डावरच पक्की डाखलेली असल्यामुळे बदलता येत नाही; तिच्याऐवजी ‘एसएसडी’ असलेला घ्यावा. तिसरी पडद्याची आणि कळफलकाची. दुकानात उभे राहून चार ओळी स्वतः टंकून पाहाव्यात. चौथी आयुष्याची. विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून जुना लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ स्वीकारतो की नाही, हे पाहिले पाहिजे. कचेरीत वापरलेला, ८ जीबी रॅमचा, एसएसडी असलेला जुना लॅपटॉप नव्या पण दुबळ्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. विंडोज ११ त्यावर चालत नसेल तर लिनक्स घालूनही त्याची काही वर्षे वाढविता येतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपली मुले शाळेत कानडी, हिंदी, तेलुगू, गुजराती किंवा इंग्रजी लिहितात. मराठी घरात बोलली जाते, पण हाताने लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. विंडोज आणि लिनक्स या दोहोंतही मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक वेगळा खर्च न करता मिळतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. विशेष सोयीची गोष्ट अशी, की हीच मांडणी भारतातील इतर लिप्यांनाही लागू आहे. ‘क’ची जी कळ मराठीत, तीच कानडीत, तीच तेलुगूत आणि तीच गुजरातीत. बेळगावचा मुलगा मराठीसाठी बोटे बसवील तर कानडीसाठी त्याला नवी मांडणी शिकावी लागणार नाही. त्याची आजी दूर इंदुरास असेल आणि तिला तो आपल्या भाषेत दोन पानांचे पत्र लिहील, तर लॅपटॉपवर घातलेल्या पैशांतले काही तेवढ्यानेच वसूल झाले असे समजावे.

शेवटी निर्णय घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा आणि मुलाला त्याची कारणे सांगावीत. कोणत्या कामासाठी यंत्र घेत आहोत, हे आपल्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर खरेदी महिनाभर पुढे ढकलावी. ढकलल्याने काही बिघडत नाही. चुकीचे यंत्र मात्र तीन-चार वर्षे घरात राहते आणि त्याचे हप्ते फेडावे लागतात.