आठवण ठेवणारे आसन

खडू आणि फळा यांच्या सहवासात ज्याची तीस वर्षे गेली, अशा माणसाने गाडीच्या यंत्राविषयी लिहावे, हे वाचकांना जरा विपरीत वाटेल. आम्हांला तर गाडी चालविताही येत नाही. परंतु एका आसनाने आमच्या सूनबाईंची झोप उडविली आणि दुसऱ्या आसनाने ती परत आणिली. तेव्हा या आसनांच्या पोटात काय असते, हे पाहिल्यावाचून आम्हांला राहवले नाही.

आमचे चिरंजीव पावणेसहा फूट उंच, तर सूनबाई जेमतेम पाच फूट. गाडी एकच आणि चालविणारी माणसे दोन. एकदा गोव्याहून बेळगावी परतताना साखळीपर्यंत चिरंजीव चालवीत होते. तेथे चहा झाला आणि सूनबाई चाकावर बसल्या. जुन्या गाडीत बैठकीखाली एक लोखंडी दांडी असते. ती उचलली की बैठक रुळावर मोकळी होते आणि सोडली की दोन्ही बाजूंच्या खाचांत दाते अडकतात. अडकतात, असे आपण धरून चालतो. सूनबाईंनी बैठक पुढे ओढली, दांडी सोडली, 'खट्' असा आवाज झाला आणि गाडी निघाली. केरी मागे टाकून चोर्ल्याचा चढ लागला. एका अवघड वळणावर पुढचा ट्रक थांबला म्हणून ही गाडीही थांबली. ट्रक हलल्यावर सूनबाईंनी गाडी काढली, त्याच क्षणी बैठक त्यांच्यासकट मागे घसरली. खट् झाले होते ते एकाच बाजूला! दोन्ही पाय एकदम अधांतरी. गाडीने आचका दिला, इंजिन बंद पडले आणि ती चांगली दोन हात मागे आली. शेजारी बसलेल्या चिरंजीवांनी हातब्रेक ओढला म्हणून निभावले. मागे प्रवाशांनी भरलेली बस होती. आम्ही मागच्या आसनावर होतो. त्या बसच्या काचेतला चालकाचा चेहरा आम्हांला अजून दिसतो.

त्यानंतर वर्षभर सूनबाईंनी चाकाला हात लावला नाही. पुढे नवी गाडी आली. तिच्या दारावर १, २, ३ अशा आकड्यांच्या कळा होत्या आणि विकणाऱ्या तरुणाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "ही सीट तुम्हांला ओळखते." सूनबाईंचा यावर विश्वास बसला नाही, आमचाही नाही. ओळखते म्हणजे काय करते? वर्गातल्या साठ मुलांची नावे लक्षात ठेवताना आमची तारांबळ उडते, तर फोमच्या गादीला माणूस कसा ओळखता यावा?

आमचा एक जुना विद्यार्थी गाड्यांतील विजेची कामे करतो. शाळेत असताना व्याकरणाच्या तासाला तो मागच्या बाकावर झोपत असे. त्याने आम्हांला आपल्या कारखान्यात नेले आणि अपघातात सापडलेल्या एका गाडीचे आसन उलटे करून आमच्यापुढे ठेविले. "सर, आता तुम्ही बसा, मी शिकवतो," असे तो म्हणाला, तेव्हा आम्हांला खरोखरच बरे वाटले.

बैठकीच्या खाली दोन रूळ होते आणि त्यांच्या आसपास मुठीएवढ्या चार मोटरी. (विजेवर फिरते ती मोटर आणि रस्त्यावर धावते ती गाडी, एवढा भेद या लेखात आम्ही पाळीत आहोत.) एक मोटर सबंध आसन पुढेमागे नेते. दुसरी बैठकीची पुढची कड वरखाली करते, तिसरी मागची कड, आणि चौथी पाठ कलती वा उभी करते. चार मोटरी आणि प्रत्येकीच्या दोन दिशा, म्हणून अशा आसनाला 'आठ दिशांचे' म्हणतात. मोटर साधी, गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. तिच्या दोन तारांतील धन आणि ऋण यांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते.

मोटर फिरते भराभर, मिनिटाला हजारो फेरे. आसन मात्र सरकायला हवे मुंगीच्या पावलांनी. म्हणून मोटरीच्या दांड्यावर मळसूत्र असते. ते एका दंतचक्रात गुंतलेले, आणि ते दंतचक्र रुळालगतचा लांब आट्यांचा स्क्रू फिरविते. दिवाळीत चकल्या करावयाचा पिळाचा सोऱ्या ज्यांनी हाती धरला आहे, त्यांना निराळे सांगावयास नको. मूठ कितीतरी वेळा फिरवावी, तेव्हा कोठे दट्ट्या बोटभर खाली येतो. पण येतो तो असा जोराने, की घट्ट पीठही मुकाट्याने बाहेर पडते.

या मळसूत्राचा दुसरा गुण आम्हांला अधिक मोलाचा वाटला. मळसूत्र दंतचक्राला फिरविते, परंतु दंतचक्राला मळसूत्र उलट फिरविता येत नाही. आट्यांचा उतार इतका अल्प असतो, की मागून कितीही रेटा आला तरी तो घर्षणातच जिरतो. चाक बदलताना मळसूत्री जॅकने गाडी उचलतात, तेव्हा मूठ सोडली तरी गाडी खाली बसत नाही, त्याचे कारण हेच. म्हणजे या आसनात अडकावयास दाते नाहीत आणि निसटावयास खाचा नाहीत. वीज बंद झाली की ते असेल तेथे रोवले जाते. त्या दिवशी घाटात जे निसटले, ते येथे निसटणार नव्हते. आठवणीचा याच्याशी काही संबंध नाही. विनास्मृतीच्या विजेच्या आसनातही हा गुण असतोच. पण विकणाऱ्या तरुणाने यासंबंधी एक शब्दही काढला नव्हता.

आता आठवणीकडे वळू. ही कल्पना पुष्कळांना कालपरवाची वाटते, परंतु १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रूअम या महागड्या गाडीत असे आसन बसविलेले होते. त्याच वर्षीच्या मर्क्युरी टर्नपाइक क्रूझर या गाडीत चकत्या फिरवून आसनाच्या ४९ स्थितींतून आपली स्थिती निवडता येई. त्या काळी ना संगणकाची चकती होती ना काही. सारा कारभार तारांचा आणि विद्युतस्पर्शांचा. नंतरच्या काळात आसनाला पोटेन्शिओमीटर जोडण्याची रीत आली. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचे गोल बटण असे, त्याच्या आत असते तीच ही वस्तू. आसन जसजसे सरके, तसतसा तिच्यातून येणारा विद्युतदाब बदले. अमुक दाब म्हणजे अमुक जागा, असा सरळ हिशेब. मात्र त्यात एक स्पर्शक सतत घासत राहतो आणि घासणारी वस्तू केव्हातरी झिजते.

आजच्या बहुतेक आसनांत घासणारे काही नसते. त्याचे श्रेय एका विद्यार्थ्याकडे जाते. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल याने सोन्याच्या पातळ वर्खातून विद्युतप्रवाह सोडून तो वर्ख प्रबळ लोहचुंबकाच्या क्षेत्रात ठेविला. तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेने, वर्खाच्या दोन कडांमध्ये, अत्यंत सूक्ष्म विद्युतदाब उत्पन्न झालेला त्याला आढळला. इलेक्ट्रॉनचा शोध लागावयास तेव्हा अजून अठरा वर्षे होती. त्या 'हॉल परिणामा'वर चालणारा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक तुकडा आता प्रत्येक मोटरीजवळ बसवितात आणि मोटरीच्या फिरत्या दांड्यावर छोटे चुंबकी कडे घालतात. दांडा फिरला की चुंबकाचे ध्रुव आळीपाळीने त्या तुकड्यासमोरून जातात आणि तो विजेचा एकेक ठोका देतो. आसनाखाली पत्त्यांच्या जोडाएवढी एक पेटी असते, ती हे ठोके मोजते.

बस्स, इतकेच. ती मोजते.

उदाहरणासाठी समजा, की शंभर ठोक्यांना आसन एक सेंटिमीटर सरकते आणि मोजणी मागच्या टोकापासून सुरू होते. चिरंजीवांना आसन मागच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर लागते. त्यांचा आकडा ५००. सूनबाईंना ते १७ सेंटिमीटरवर हवे. त्यांचा आकडा १७००. आसन मनासारखे लावून आधी नोंदणीची कळ आणि मग १ किंवा २ ही कळ दाबली, की चारही मोटरींचे त्या वेळचे आकडे पेटी टिपून ठेविते. वीज गेली तरी न पुसणाऱ्या जागी ते टिपलेले असतात. पुढे २ ही कळ दाबली की पेटी पाहते: आत्ता ५००, हवेत १७००, म्हणजे पुढे जावयाचे आहे. ती मोटर सुरू करते, १२०० ठोके मोजते आणि थांबविते. पुष्कळ गाड्यांत चारही मोटरी एकदम चालवीत नाहीत, एकामागून एक चालवितात, म्हणजे बॅटरीवर एकाच वेळी सारा भार पडत नाही. दाराबाहेरचे आरसेही बहुधा याच कळेवर फिरतात. सूनबाईंना हे फार आवडले, कारण चिरंजीवांच्या उंचीला लावलेल्या आरशात त्यांना रस्ता दिसावयाचा सोडून आभाळच दिसे.

एक बारकावा सांगण्यासारखा आहे. एकुलता एक हॉल तुकडा ठोके देतो, परंतु दांडा सुलटा फिरला की उलटा, हे त्याला सांगता येत नाही. ते पेटीनेच ध्यानात ठेवावे लागते: हुकूम पुढचा दिला होता, तेव्हा आलेले ठोके मिळवावयाचे, मागचा दिला होता, तर वजा करावयाचे.

हे सारे आम्ही घरी येऊन फळ्यावर काढून दाखविले. सूनबाई दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवू लागल्या. सहा महिने सुरळीत गेले. मग बॅटरी बदलण्याचा प्रसंग आला.

बॅटरी काढली की आमच्या गाडीतील पेटीला टिपलेले आकडे आठवतात, परंतु आसन या घडीला कोठे उभे आहे हे ती विसरते. मुलाला पाढे येत असावेत, पण आपण कोणत्या इयत्तेत बसलो आहोत हे ठाऊक नसावे, तसे. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितले आहे, की आसन एकदा मागच्या टोकापर्यंत आणि एकदा पुढच्या टोकापर्यंत नेऊन तेथे कळ काही काळ दाबून धरावी. टोक आले की मोटर अडते, ठोके येणे थांबते आणि पेटी समजते: ही भिंत. मागच्या भिंतीपाशी ती शून्य मांडते. चिरंजीवांनी हे सर्व पुस्तकाबरहुकूम केले.

सायंकाळी सूनबाईंनी २ ही कळ दाबली आणि आसन पुढे गेले ते थांबेचना. थांबले तेव्हा स्टिअरिंग त्यांच्या छातीला जवळजवळ टेकले होते. १ या कळेने चिरंजीवांचे गुडघे अडकू लागले. गॅरेजातून फोनवर सांगण्यात आले, की पेटी बदलावी लागेल. आणि तिची किंमत ऐकून आम्ही खाली बसलो. सूनबाई काही बोलल्या नाहीत. किल्ली मात्र त्यांनी टेबलावर आणून ठेविली.

आम्ही विद्यार्थ्याला बोलाविले. त्याने आसनाला हातही न लावता मागचे दार उघडले आणि विचारले, "सर, हे काय?" चालकाच्या आसनामागे, पाय ठेवावयाच्या जागी, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे सुतळीने करकचून बांधून आम्हीच ठेविले होते. आसन मागे आले ते त्या गठ्ठ्यांवर अडले. ठोके थांबले. खऱ्या भिंतीच्या सहा सेंटिमीटर अलीकडे पेटीने भिंत मानिली आणि तेथे शून्य मांडले. त्या खोट्या शून्यापासून तिने १७०० ठोके अगदी इमानाने मोजले. सूनबाई १७ ऐवजी २३ सेंटिमीटरवर जाऊन पोहोचल्या. मोजणीत एका ठोक्याचीही चूक नव्हती.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. स्टिअरिंगच्या पोटात हवेची पिशवी दडलेली असते आणि अपघातात ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगते. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्याचा सल्ला असा, की चालकाची छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावे. बुटक्या चालकांना, म्हणजे विशेषतः स्त्रियांना, आधीच पुढे सरकून बसावे लागते. त्यांच्या वाट्याला येणारे अंतर मुळात बेताचे. त्यातून सहा सेंटिमीटर गेले तर काय राहिले? म्हणून आमच्या घरी आता बॅटरीचे काम झाले, की आसनाची दोन्ही टोके नव्याने शिकविण्याआधी पुढेमागे हात फिरवून पाहतात, आणि नंतर २ ही कळ दाबून सूनबाई शाळेतल्या फूटपट्टीने अंतर मोजतात. हसणाऱ्यांनी हसावे.

अडथळा लागला की मोटर थांबते, हे खरे. पण ती थांबते अडल्यानंतर. मागे बसलेल्या नातवाचे पाऊल हाही तिच्या लेखी अडथळाच, आणि गठ्ठा व पाऊल यांतला भेद तिला कळत नाही. काही गाड्यांत किल्ली काढताच चालकाला उतरणे सोपे व्हावे म्हणून आसन आपोआप मागे सरते. तेथे मागे कोण बसले आहे हे आधी पाहावे. गाडी चालू असताना आकड्याची कळ दाबू नये. पुष्कळ गाड्यांत ती तेव्हा चालतही नाही, आणि चुकून आसन हलू लागलेच तर दुसरी कोणतीही आसनाची कळ दाबली की बहुधा ते जागच्या जागी उभे राहते.

विद्यार्थ्याने गठ्ठे बाहेर काढले, आसन मागच्या खऱ्या टोकाला नेऊन कळ दाबून धरली, मग पुढच्या टोकाला नेले. सारे मिळून दोन मिनिटे लागली. पैसे घेण्यास तो काही केल्या तयार होईना, जाताना म्हणाला, "सर, मला नववीत व्याकरणात पस्तीसच दिले होते तुम्ही." सूनबाई बसल्या आणि त्यांनी २ ही कळ दाबली. आसन सरकले, थांबले. पाठ किंचित उभी झाली. आरसे खाली वळले. त्यांनी पायाने ब्रेक दाबून पाहिला आणि किल्ली मागितली.

उत्तरपत्रिका आता डिकीतून जातात.