९३ वर्षांची बेरीज, ३०९ दिवसांची वजाबाकी

सातशे किलो सोनं! एका राजपुत्राला आणि त्याच्या साथीदारांना सोडवायला! १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत तुर्कांनी बरगंडीच्या ड्यूकच्या मुलाला, जॉनला, साथीदारांसह पकडलं आणि दोन लाख डुकाट मागितले. डुकाट म्हणजे साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं. करा हिशोब: साठ हजार तोळे. तोळा नुसता लाखाला धरला तरी सहाशे कोटी रुपये!

एवढी ऐपत आली कुठून? एका लग्नातून. जॉनच्या वडिलांची बायको मार्गारेट फ्लँडर्सची वारसदार. १३८४ मध्ये सासरा वारला आणि कापडाच्या धंद्यावर गबर झालेली ब्रुज, गेंटसारखी शहरं जावयाच्या पदरात पडली. मग जॉनच्या मुलाने, फिलिपने, सपाटाच लावला. नामूर रोख पैसे मोजून. १४३० ला ब्राबांट वारशाने. १४३३ ला हॉलंड आणि झीलंड आतेबहीण जॅकलिनकडून लिहून घेऊन. १४४३ ला लक्झेंबर्ग तलवारीने. प्रत्येक प्रांताचे कायदे निराळे, धनी मात्र एक! दिजाँपासून हेगपर्यंत सरळ रेषेत पाचशे तीस किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे साडेतीन वेळा. आणि थाट? १४५४ च्या लील इथल्या मेजवानीत टेबलावर एक अजस्र पेस्ट्री होती आणि तिच्या पोटात बसून २८ वादक वाजवत होते!

फिलिपच्या मुलाने, चार्ल्सने, १४७३ ला गेल्डरलंडही घेतलं. आता फक्त राजमुकुट हवा होता. त्याच वर्षी पवित्र रोमन सम्राट तो द्यायला ट्रियरला आला खरा, पण नोव्हेंबरात मुकुट न देताच पहाटे नावेत बसून निघून गेला.

मग स्विस भालेकऱ्यांशी गाठ पडली. २ मार्च १४७६, ग्राँसों: खजिना गेला. २२ जून, मोरा: हजारो माणसं गेली. ५ जानेवारी १४७७, नान्सी: चार्ल्स स्वतः गेला. बर्फात गोठलेला, लांडग्यांनी कुरतडलेला देह दोन दिवसांनी सापडला. ३०९ दिवस, बस्स!

मागे राहिली त्याची एकोणीस वर्षांची मुलगी मेरी. मूळ बरगंडी फ्रान्सच्या राजाने बळकावली. फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड अशा नेदरलँड्सच्या प्रांतांनी ३७ दिवसांत तिच्याकडून सनद लिहून घेतली: आम्ही आमच्या मर्जीने सभा भरवू. त्याच सभेने २६ जुलै १५८१ ला हेगमध्ये मेरीच्या पणतूला, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला, धनी मानायचं नाकारलं. आणि हा पणतू कोण? मेक्सिको त्याचं, पेरू त्याचं, फिलिपीन्स त्याचं, आणि तीनच महिन्यांपूर्वी पोर्तुगालचा मुकुट मिळाल्यामुळे आपला गोवा आणि वसईसुद्धा त्याचीच!