भांड्यांना जपले, माणसांना नाही



सकाळी चहा पिताना हातातली कपबशी जरा निरखून पाहा. आपल्या कुंभारदादांचा आवा तुम्हाला ठाऊक आहे. इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागात अशी चिनी मातीची भांडी ज्या भट्ट्यांत भाजत, त्यांची गोष्ट आज सांगतो.

या भट्ट्या बाहेरून थेट बाटलीसारख्या. पोट मोठे, मान निमुळती. काही तर ७० फूट उंच. ही बाटली म्हणजे धुराडे; खरी भट्टी तिच्या पोटात, घुमटासारखी, आणि तिच्या भोवती कोळसा घालायची तोंडे. पांढरी माती दूर कॉर्नवॉलहून येई. पण मातीपेक्षा कोळसा जास्त लागे आणि तो स्टोकच्याच जमिनीत होता. म्हणून मातीच कोळशाकडे गेली.

भांड्यांना जाळ आणि धूर लागू नये म्हणून ती जाड मातीच्या पेट्यांत ठेवत. मोठ्या भट्टीत अशा सुमारे २००० पेट्या मावत. माणसे त्या डोक्यावरून आत नेऊन एकीवर एक रचत. मग दार विटांनी बंद करून भट्टी पेटवत. एका भाजणीला दोन-तीन दिवस आणि दहा-पंधरा टन कोळसा लागे. भट्टीवाला रात्रीचा दिवस करी. मधून मधून तो आतली मातीची कडी काढून मापे. कडी किती आटली, त्यावरून भट्टी किती तापली ते त्याला कळे. अंदाज चुकला, तर अनेकांची मेहनत वाया!

अशा २००० च्या वर भट्ट्या एकेकाळी तिथे होत्या. भांडी पेटीत सुरक्षित राहिली. माणसे मात्र धुरात. भर दुपारी अंधारून येई. मातीच्या बारीक धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होत.

१९५६ साली इंग्लंडात स्वच्छ हवेचा कायदा झाला. गॅसच्या व विजेच्या भट्ट्या आल्या. १९७८ मध्ये जुन्या जाणकारांनी कसब नोंदवून ठेवण्यासाठी शेवटची भट्टी लावली. आज पन्नासहूनही कमी बाटल्या उभ्या आहेत.

धूर म्हणजे नीट न जळलेले जळण. ते वायाही जाते आणि छातीतही जाते. दुधाला धूर लागू नये म्हणून आपण पातेल्यावर झाकण ठेवतो. मग चूल फुंकणाऱ्या माउलीचे काय? घरात अजून चूल पेटत असेल, तर तिच्यावर धुराडे बसवा, जळण वाळवून घाला. दुधाइतकी तरी तिची काळजी घ्या.