विश्लेषण : फलाटावरचा वजनकाटा ते ‘फ्रूट मशीन’, जुन्या यंत्रांच्या खडखडाटाची एवढी ओढ का?

सुरत-भुसावळ मार्गावर नरडाण्याहून गाडी पकडणाऱ्या जुन्या प्रवाशांना मोठ्या स्थानकांवरचे रंगीत दिव्यांचे वजनकाटे आठवत असतील. पायरीवर उभं राहिलं की दिवे लुकलुकायचे, काचेमागचं चाक गरगर फिरायचं. चाक थांबल्यावर नाणं टाकायचं, आतून खडखडाट व्हायचा आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य नाहीतर सिनेनटाचा फोटो. वजन चुकलं तरी भविष्य बहुधा चांगलंच निघायचं!

हे काटे आता क्वचितच दिसतात. परदेशात मात्र याच जातकुळीतली ‘फ्रूट मशीन’ हौशी लोक शोधून घरी आणतात. त्यांना ओढ असते ती आवाजाची.

फ्रूट मशीन म्हणजे काय?

नाणं टाकून तीन चाकं फिरवायची, चित्रं जुळली तर पैसे. चार्ल्स फे यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 1890च्या दशकात बनवलेलं ‘लिबर्टी बेल’ हे यातलं गाजलेलं सुरुवातीचं यंत्र. पुढे जुगारबंदी चुकवण्यासाठी काही यंत्रं च्युइंगगम देऊ लागली. चाकांवरची चेरी, लिंबू ही फळं त्या गमच्या स्वादांची. ‘बॅली’ कंपनीने 1960च्या दशकात ‘मनी हनी’ हे विजेवर चालणारं यंत्र आणलं. ते माणसाच्या मदतीशिवाय 500 नाणी मोजून देऊ शकत होतं. ओढायचा दांडा तरीही ठेवला, लोकांना सवय होती म्हणून.

आवाज नेमका कशाचा?

आत ना चिप, ना प्रोग्रॅम. असतात मोटर, रिले आणि पितळी संपर्कपट्ट्या. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. तो लागला की ‘टक्’ होतं. चाकं एकामागून एक अडतात तेव्हा तीन ठोके पडतात, मग नाणी पत्र्याच्या ताटलीत आदळतात. हल्लीच्या यंत्रांत हा आवाज स्पीकरमधून सोडतात. जुन्यात तो कामाचाच भाग होता, त्यामुळे जाणकार कानानेच दोष ओळखतो. रिले सतत गुणगुणतोय? व्होल्टेज कमी असेल, किंवा संपर्क मळले असतील. पोराबाळांची झोपमोड होते, ही तक्रार वेगळी.

घरी आणायचं ठरवलं तर?

ब्रिटिश यंत्र आपल्या विजेवर चालू शकतं. अमेरिकन यंत्राला ट्रान्सफॉर्मर लागतो, पण तो 60 हर्ट्झचे 50 करतो असं नाही. वारंवारतेवर चालणारी मोटर सुमारे 17 टक्के हळू फिरते आणि सगळी लयच बिघडते.

खरी अडचण कायद्याची आहे. महाराष्ट्रात 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. संशयावरून झडती झाली आणि जुगाराचं साधन सापडलं, तर ती जागा जुगारअड्डा नाही हे दाखवण्याची वेळ मालकावर येऊ शकते. गोव्यात 1992च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट मिळाली. महाराष्ट्रातला 1976चा कॅसिनो कायदा अमलातच आला नाही. तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने 2023मध्ये घेतला. तेव्हा हौस असली तरी आधी वकिलाला विचारलेलं बरं.

मग इथे काय जपता येईल?

वजनकाटाच. त्यात जुगार नाही आणि यंत्राची मजा तीच. रिले समजणारी माणसंही आहेत. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत अजून रिले वापरात आहेत. पण काटा भंगारात गेला की तांब्याची वेटोळी वेगळी, लोखंड वेगळं, सगळं किलोवर. कुणाच्या गोदामात असा काटा पडून असेल तर नाण्याची खाच आधी पाहावी. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011पासून चलनातून गेली, नंतरच्या नाण्यांचे आकारही बदलले. जुन्या नाण्यांची एक पुरचुंडी काट्यासोबतच ठेवावी लागेल.